लाल पट्टीखालची साडी

मी एक लाल पट्टी बोलतेय. लखनौच्या अलीगंजात राहणाऱ्या नेत्राचं चिकनच्या, म्हणजे लखनवी भरतकामाच्या साड्यांचं ऑनलाइन दुकान आहे. तिथे आलेली एखादी ऑर्डर मला खटकली, की कॉम्प्युटरच्या पडद्यावर मी तिच्यावर आडवी पडते. मी पडले की पार्सल हलत नाही. नेत्राने ‘सोडा’ हे बटण दाबलं तरच मी उठते, आणि उठायला मला मुळीच आवडत नाही.

माझा जन्म हजरतगंजच्या एका ऑफिसात झाला. कोणीतरी चोरलेल्या परदेशी कार्डावर नेत्राच्या साड्या लांबवल्या होत्या, तेव्हा ती रडकुंडीला येऊन अभिराम नावाच्या इंजिनिअरकडे गेली. चोरीच्या कार्डाचं असं असतं, की ज्याचं कार्ड तो बँकेत तक्रार करतो, बँक त्याला पैसे परत देते आणि ते दुकानदाराच्या खात्यातून कापून घेते. साडी गेलेली ती गेलेलीच. परदेशी कार्डाला बहुतेकदा मोबाईलवर येणारा ओटीपीही लागत नाही, म्हणून चोरांचा जीव त्याच्यावर.

अभिरामने मला शिकवलं: कार्ड परदेशातलं आणि पत्ता इथला, नंबर टाकताना चुका, माल महागाचा आणि घाई फार, असं दिसलं की पडायचं. बाकीचं मी बघून बघून शिकले. प्रामाणिक बाई एका दुपट्ट्यासाठी आठवडाभर घोळ घालते. रंग उतरेल का, फोटोत दिसतो तसाच आहे का, हजार प्रश्न. चोर कधी रंग विचारत नाही. मला चोर आवडतात, ते वेळ खात नाहीत.

नेत्रा सांगलीची. नवरा नंदकुमार बँकेत, त्याची बदली झाली म्हणून लखनौला आली. मुलगी जुई इथेच वाढली. “जेवलीस का गं?” असं नेत्राने विचारलं, की “हाँ मम्मा, खा लिया,” असं उत्तर येतं. दिवसभर बाईच्या कानावर मराठी पडत नाही. त्यामुळे फोनवर कोणी मराठीत बोललं की ती लोण्यासारखी वितळते. मला हे पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, पण मला विचारतो कोण?

एक दिवस उत्कर्षा नावाची बाई फोनवर आली. नेत्रा फोन स्पीकरवर ठेवते, म्हणून मला सगळं ऐकू येतं.

“ताई, तुम्ही सांगलीच्या ना? माझं माहेर मिरज! आमचे हे एअर फोर्समध्ये आहेत. अमेरिकेतली बहीण मला साड्या घेऊन देतेय, तिचं कार्ड आहे, तर तुमची सिस्टम अडवतेय बघा.”

“अगंबाई, मिरज!” नेत्रा म्हणाली, आणि तिने मला उठवलं. एका नाही, तीन भारी ऑर्डरींवरून. वर भडंगची पुडी पार्सलात घातली. उत्कर्षा म्हणाली, मला यायला जमणार नाही, माणूस पाठवते. माणूस दारात आला, चहा प्यायला आणि सगळं घेऊन गेला.

महिनाभरात अमेरिकेतून तक्रारी आल्या, तिन्हीच्या तिन्ही. मी पडद्यावर नुसती पडून होते. हसता आलं असतं तर हसले असते.

नंदकुमारने तिला सोडलं नाही. “भडंगपण दिलंस ना? छान! आता पुढच्या चोराला पुरणपोळी दे.” कार्डाचे पैसे जमा करून देणाऱ्या कंपनीने तर सरळ बजावलं, की आणखी एक तक्रार आली तर दुकानाला कार्ड घेणं बंद. आणि नेत्राची निम्मी गिऱ्हाइकं परदेशातली, म्हणजे दुकानच बंद.

त्यानंतर आत्मारामांची ऑर्डर आली. कॅनडाचं कार्ड, इथल्या विमानतळाजवळच्या सरोजिनी नगरचा पत्ता, पार्सल चंद्रप्रभा या नावाने, नंबर दोनदा चुकलेला, सर्वांत महाग मोतिया रंगाची साडी, आणि खाली लिहिलेलं, ‘शक्य तितक्या लवकर’. माझ्यासाठी मेजवानीच. मी धाडकन पडले.

थोड्या वेळात फोन आला. म्हातारा, दमलेला आवाज.

“पोरी, मी रिटायर्ड सुभेदार आत्माराम. आम्ही साताऱ्याकडचे. माझी बायको चंद्रप्रभा फार आजारी आहे गं. तिनं मोबाईलवर बोट ठेवून हीच साडी दाखवली. पोरगा कॅनडात असतो, संग्राम. आईची साडी माझ्याच पैशानं घ्या म्हणाला, म्हणून त्याचं कार्ड.”

नेत्रा पडद्याकडे बघत होती. तिचे ओठ हलले, पण आवाज निघाला तो हिंदीत.

“सर, ऑर्डर नहीं हो पाएगा। सिस्टम ने रोक दिया है।”

“तुम्ही मराठी ना? नाव तर…”

“नहीं सर। मराठी नहीं आती।”

म्हातारा हिंदीत म्हणाला, “बेटी, मैं उसको छोड़ के आ नहीं सकता। पड़ोस के आदमी को नगद दे के भेजूँ?”

‘माणूस पाठवतो’ ऐकताच नेत्राने फोन कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. मग तिने तो नंबर ब्लॉक केला आणि पदराने तोंड पुसलं. मला तेव्हा ती फार आवडली.

सहा-सात दिवसांनी कॅनडाहून संग्रामचा मेल आला. ‘ऑर्डर रद्द करा. आई काल गेली. शुद्धीत होती तोवर साडीचं विचारत होती. बाबा तिला सांगत राहिले, निघालीय, विमानतळापर्यंत आलीय, आता येईलच.’

नेत्राने तो मेल कितीदा वाचला कोण जाणे. जुईने आत येऊन विचारलं, “क्या हुआ मम्मा?” तर “काही नाही,” एवढंच म्हणाली.

ऑर्डर रद्द करताना पडद्यावर कारण निवडावं लागतं. दोन कारणं होती: ‘ग्राहकाने रद्द केली’ आणि ‘फसवणूक टळली’. दुसऱ्याने दुकानाची पत सुधारते, कार्डवाली कंपनी खूश होते. नेत्राचं बोट पहिल्यावर गेलं, बराच वेळ तिथेच राहिलं. मग तिने दुसरं दाबलं.

चंद्रप्रभाबाई आता माझ्या खात्यात चोर म्हणून जमा आहेत. कंपनीने नेत्राला शाबासकीचा मेल पाठवला. साडी दुसऱ्याच कोणीतरी घेतली, रंगाबद्दल भरपूर प्रश्न विचारून.

मी अजून नोकरीवर आहे, धडधाकट. एवढंच सांगते, तुमची ऑर्डर कधी माझ्याखाली सापडली तर मला शिव्या देऊ नका. मी मेलेल्या बाईला चोर म्हटलं नव्हतं. मी फक्त थोडं थांबा म्हटलं होतं.