दुखलं तर हात वर करा

अक्कलदाढ दुखू लागली ती ऐन दुष्काळात आणि ऐन निवडणुकीत. गुरे चारा छावणीत गेली होती. दूध संस्थेच्या किटल्या कोपऱ्यात पालथ्या पडल्या होत्या. वाऱ्याने त्यातली एखादी वाजे, तेव्हा मला माझ्याच रिकाम्या दिवसांचा आवाज ऐकू येई. दूध आटले होते, तरी अध्यक्ष निवडायचाच होता. उमेदवार दोन. त्यांना स्वतःला धरून तीन संचालक राधाकिशनअण्णांकडे, तीन बद्रीनाथतात्यांकडे, आणि सातवा मी, वडिलांच्या जागी आलेला, सभेत खिडकीशी बसून बाहेरची बाभूळ पाहणारा.

आमच्याकडे अध्यक्ष हात वर करून निवडतात. मी आजवर कशासाठीच हात वर केला नव्हता, शाळेतसुद्धा. कालपर्यंत मला ‘मुंज्या’ म्हणणारे अण्णा आणि तात्या आता ‘मुंजाजीराव’ म्हणू लागले होते. नाही म्हणणे मला जमत नाही. म्हणून दोघांनी मत मागितले तेव्हा मी दोघांकडेही पाहून होकाराची मान हलवली होती. ती मान आणि ती दाढ मिळून मला झोपू देत नव्हत्या.

दाढ उपटण्याच्या नुसत्या विचाराने माझे पाय गार पडत. कडा गावच्या दातांच्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, “भीती वाटते तर आधी एक गोळी देते. गुंगी येईल, पण जागे राहाल. फक्त सोबत एक माणूस आणा. तुम्हाला एकट्याला घरी सोडणार नाही.”

दुपारी सभा होती. त्याच दिवशी सकाळी माझ्या दारात दोन जीपा उभ्या राहिल्या.

“गुंगीत माणूस कुनाच्याबी दारात जाऊन बसतो. म्या सोबत येतो,” अण्णा म्हणाले.

“तुमी कावून? पोरगं आमच्या गल्लीचं हाय,” तात्या म्हणाले.

शेवटी एकाच जीपमध्ये दोघे बसले आणि मध्ये मी. दवाखान्यातही ते बाहेर थांबेनात. माझ्या खुर्चीच्या दोन बाजूंना स्टुले ओढून बसले.

“दुखलं तर डावा हात वर करा. मी लगेच थांबेन,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“डावाच कावून?” अण्णांनी विचारले. माझ्या डावीकडे तात्या होते.

“उजवीकडे मी उभी आहे म्हणून.”

“मंग तात्याला उठवा तिथून. उद्या म्हणतील, मुंजाजीनं माझ्याकडं हात केलता.”

“आता गप्प बसला नाहीत तर तुमचीही एक काढीन.”

“दोन काढा, मॅडम,” तात्या म्हणाले. “लई बोलत्यात.”

गोळी हळूहळू अंगात उतरू लागली. भीती गेली नाही. ती फक्त जरा दूर जाऊन बसली, छावणीतल्या म्हशीसारखी, डोळे मिटून रवंथ करत. मग हिरडीत सुई टोचली. दुखले. हात वर करावा, तर दोन्ही बाजूंनी चार डोळे त्याच हाताची वाट पाहत होते. मी डोळ्यांत पाणी आणून पडून राहिलो. आणि मग, मला न विचारताच, तो हात वर गेला.

डॉक्टरीणबाई थांबल्या. “दुखतंय का? बरं. थांबू या.”

माझ्यामुळे या जगात काहीतरी थांबले होते! मी हात खाली घेतला आणि पुन्हा वर केला. त्या पुन्हा थांबल्या. खात्री करून घेण्यासाठी मी आणखी एकदा वर केला.

“आता काय दुखतंय?”

मी मानेनेच नाही म्हटले. आयुष्यातले ते माझे पहिले नाही.

“मग ठेवा खाली!”

दाढ केव्हा निघाली ते मला कळलेसुद्धा नाही.

“सगळे हात माझ्याकडं,” तात्या पुटपुटले.

“ते सुईला व्हते,” अण्णा म्हणाले.

परतताना तोंडात कापसाचा बोळा होता आणि बोलायला बंदी होती. माझे डोके जीपबरोबर डुलत होते.

“ह्याचा काय भरवसा न्हाई,” गुंगीत मला अण्णांचा आवाज ऐकू आला. “खड्डा आला की माझ्या खांद्यावर, वळण आलं की तुमच्या.”

जीप वळणावर वळली आणि माझे डोके तात्यांच्या खांद्यावर गेले.

“मंग ह्यालाच करावं का अध्यक्ष?” तात्या म्हणाले. “तुमी बी न्हाई, मी बी न्हाई.”

“बोलत न्हाई, कुनाला दुखवत न्हाई. असा मानूस घावंल का?”

जीप थेट संस्थेच्या दारात थांबली. निवडणूक अधिकाऱ्यांनी विचारले, “मुंजाजी यांच्या बाजूने कोण?” सहा हात वर गेले. गुंगी उतरत होती, हिरडीत ठणका भरत होता, आणि काय घडते आहे हे मला अगदी स्पष्ट दिसत होते. तोंडात बोळा होता. मला येत होता तो एकच उपाय मी केला. डावा हात वर केला. थांबा. दुखतंय.

“सातही हात!” अधिकारी म्हणाले. “एकमताने!”

तात्यांनी माझ्या गळ्यात हार घातला आणि प्रेमाने नेमका सुजलेला गाल थोपटला. मी पुन्हा हात वर केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोपऱ्यातली एक किटली वाऱ्याने वाजली. मी हात वर केल्यावर थांबणारे एकमेव माणूस त्या वेळी तिकडे कड्यात दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडात डोकावत होते.