परड म्हटलं म्या

सौंदडात साप निघाला का फोन मलेच येते. बावीस वर्षं झाली, मी जातो, धरतो, जंगलात सोडतो. फक्त परड, म्हणजे घोणस, असली का गाव माही वाट पाहत नाही. मागच्या साली धान कापताना परड चावून छोटेलाल गेला, तवापासून परड म्हटली का काठीच. हे मले चांगलं ठाऊक होतं.

शेजारच्या केशोरावचा हेमेंद्र नागपूरले शिकते. दिवाळीले घरी येताना तेनं पाळलेला साप डब्यात आणला. परदेशी अजगर, सरकारी नोंद केलेला.

"काका, पाहाले या ना. बॉल पायथन होय. रंगाची जात पेस्टल. भेवला का गोळा होऊन बसते, म्हणून नाव लाडू ठेवलं."

मले रागच आला. कालचा पोट्टा मले सापाची जात सांगून राहिला! "दुनियाभरचे साप धरले म्या, मले नको शिकवू," म्हटलं, अन् गेलोच नाही.

तिसऱ्या दिवशी लाडू डब्यातून निसटला. आमच्याच गल्लीतल्या मंगरूले तो आपल्या घरी पोत्यामागं दिसला. तेनं फोटो पाठवला तवा मी जेवून राहिलो होतो. डाव्या हातानं मोबाइल धरला, पिवळे-काळे डाग पाहिले अन् लिहिलं, "परड."

फोटो मोठा करूनही नाही पाहिला. अरे, परडीच्या पाठीवर साखळीच्या तीन रांगा असतेत, इथं कुठं होती साखळी? लाडूले काठीनं मारून झाल्यावर मंगरूनं मंग सांगितलं, आधी काठी लावली तरी आवाज नाही, गोळा होऊन डोस्कं आत लपवलं. परड असती तर कुकरसारखी वाजली असती. लाज वाटते हो मले.

संध्याकाळी हेमेंद्र दारात. हातात तोच डबा, डोळे सुजलेले.

"वनखात्याले कळवावं लागते, काका. अर्जावर जाणकाराची सही पायजे. अन् मंगरूकाका खोटं बोलून राहिले. म्हणतेत, तुमीच परड सांगितली. भांडलो मी त्याईच्यासंगं. म्हटलं, आमचे काका सापात चुकूच शकत नाहीत."

चूप राहिलो असतो तर निभलं असतं. मंगरूचं गावात कोण ऐकते? हे मनात आलं माह्या, खोटं कायले सांगू.

डब्याचं झाकण काढलं. त्या सापाले आता कुठं नीट पाहिलं. हळदीसारखा पिवळा. मेला तरी अर्धा गोळा झालेला.

अर्ज घेतला. जात लिहिली, बॉल पायथन. "रंग काय म्हटला होता तू?"

"पेस्टल."

तेही लिहिलं. मरणाच्या कारणापाशी हात थांबला. मंग लिहिलं, 'मी न पाहता परड म्हटलं.' खाली सही केली.

हेमेंद्रनं ते वाचलं. पुन्हा वाचलं.

"पाहाले या म्हटलं होतं ना मी, काका," एवढंच बोलला. अन् डबा उचलून मंगरूच्या घराकडं माफी मागाले गेला.