म्हशीला लागणारा आवाज

तलवाड्याचा बद्रीनाथ कुणाचीबी नक्कल करायचा. दूध सोसायटीच्या रांगेत मागं उभा राहून चेरमनसारखा खाकरला की पुढचे सगळे सावरून उभे राहायचे. एकदा त्यानं भिंतीआडून चेरमनीणबाईच्या आवाजात हाक मारली, तर चेरमन हातातलं काम टाकून जेवायला घरी गेलता.

त्याच्या बायकोला, सुंदरबाईला, एकच आवाज होता, पर चंद्री म्हैस त्याच आवाजाला पान्हा सोडायची. दुष्काळात चंद्रीचं पारडू मेलं. तवापसून दुसऱ्या कुणी कासंला हात लावला की लाथ. सुंदरबाई खाली बसून "ये गं माय, उतर गं माय" असा सूर धरायची, मंगच धार लागायची. सोसायटीचा कायदा साधा होता, दूध घालंल त्यालाच पेंड. रानात तर काडी न्हवती. दूध आटलं की पेंड बंद, अन् पेंड बंद झाली की चंद्री खाटकाच्या दावणीला.

त्या साली फुफाट्यानं सुंदरबाईला दमा लागला. डॉक्टरनं गोळी दिली, धाप थांबली. पर हळूहळू छाती जळायला लागली, आडवं झालं की आंबट पाणी घशाशी यायचं, अन् आवाज बसला. कुणी म्हणलं रेशनची ज्वारी बाधली, कुणी म्हणलं नजर लागली. बद्रीनाथ सांगत फिरायचा की बायको निजती माझ्याजवळ अन् घोरतो चेरमन. सुंदरबाईबी हसायची. मंग एका सकाळी चंद्रीनं त्या घोगऱ्या आवाजाला वळखलं न्हाई. चरवी लाथेनं पार गव्हाणीपतुर गेली.

अंबाजोगाईच्या डॉक्टरनं घशात आरसा घालून बघितलं. मंग त्यांना समजंल असं सांगितलं. म्हशीचा सड कसा आपसूक मिटून असतो, पिळल्याबिगर गळत न्हाई, तसंच अन्ननळीच्या बुडाला एक कडं असतं. घास खाली गेला की ते मिटतं. दम्याची गोळी श्वासाची नळी सैल करती, त्याच्यासंगं हे कडंबी सैल पडतं. पोटातलं आंबट वर येऊन गळा भाजतं. त्यानं दुसरं औषध दिलं, खाटंच्या उशाकडच्या पायांखाली इटा ठेवायला सांगितल्या.

"अन् मावशी, आवाजापायी दम्याची गोळी सोडायची न्हाई," तो म्हणला.

इटा ठेवल्या, औषध झालं, आवाज काही फिरला न्हाई. मंग अचानक फिरला. चंद्रीनं चरवी भरून दिली. बद्रीनाथ सोसायटीत नाचतच गेला. चार दिसांनी त्याच्या ध्यानात आलं, बाई एक ओळ म्हणती अन् धाप लागून म्हशीचा पाय धरून बसती. गोळी ती कवाच सोडून बसली होती. त्याच संध्याकाळी तिचे ओठ निळे पडले. जीप करून नेली म्हणून वाचली.

घरी आल्यावर त्यानं गोळी पुढं धरली. तिनं मान हलवली.

"पाऊस पडून रानात चारा होऊ द्या, मंग घेते," ती घोगऱ्या आवाजात म्हणली.

"तवर तू ऱ्हाशील का?"

त्यानं दांडीवरचं तिचं न धुतलेलं लुगडं ओढलं अन् धोतरावरच नेसलं. शेजारची बायनाबाई कुडाआडून बघून फिदीफिदी हसली. कासंला बसून त्यानं सूर काढला. लाथ. फिरून काढला, फिरून लाथ. जन्मभर त्यानं माणसाची खोड उचलली होती, कुणाचं खाकरणं, कुणाचं तोतरेपण. सुंदरबाईची खोड कोणती, त्याला कुठं ठावं होतं? पंधरा वर्सं तो ह्या आवाजाच्या शेजारी निजला होता. त्यानं डोळे मिटले. "उतर गं" म्हणताना ती जरा थांबायची, मेलेल्या पारडाला जागा दिल्यासारखी. मंग "माय" अगदी खाली, जिमिनीला सांगितल्यावानी.

चंद्रीचा कान हलला. धार चरवीत वाजली.

बढाई मारायला त्यानं तोंड फिरवलं. उंबऱ्यात सुंदरबाई बसली होती, गळ्यावर हात ठेवून आपलाच आवाज ऐकत. तिनं तांब्या घेतला, गोळी तोंडात टाकली, पाणी प्याली.

"जमलं की," ती म्हणली. शब्द निम्मे हवेतच गेले. मंग तिनं पदर तोंडाला लावला अन् तिचे खांदे हलायला लागले.

बद्रीनाथला उठून तिच्याजवळ जायचं होतं. पर सूर तुटला असता तर चंद्रीनं दूध वर ओढलं असतं. तो तसाच म्हणत ऱ्हायला.