दमलेली भिंत

आधीच सांगून ठेवतो, यातलं काही कोणाला पटणार नाही. बायकोला तर मी तोंड उघडायच्या आतच पटत नाही.

सिग्नलला उभ्या असलेल्या माझ्या बसला मागून ट्रक धडकला. मानेला असा हिसका बसला, की पुढे गेलेलं डोकं परत यायचं की नाही याचा विचार करत बसलं. तेव्हापासून मी घरी. आज डेपोचे साहेब स्वतः बघायला आले. मान मागे वळली तर स्टिअरिंग परत, नाहीतर कायमचं चौकशीच्या खिडकीत. पंख्याखाली बसून लोकांना ‘बस येईल’ म्हणायचं! त्यापेक्षा ट्रक परत बोलवा.

“काका, व्यायाम करता ना?” साहेबांनी विचारलं.

“नाव काढू नका! फिजिओथेरपीवाल्या बाईंनी आधी सायकलवर बसवलं. सायकल जागची हलेना, पण ठणका मानेतून निघून खांद्यापर्यंत जाऊन आला. बाई म्हणाल्या, जोर कमी करा. मेव्हणा म्हणाला, एवढ्याने काय होतंय, वाढवा. वाढवला, तर रात्रभर मी उशीला शिव्या आणि बायको मला! मग बाईंनी भिंतीला पाठ टेकवून हवेतल्या खुर्चीवर बसवलं. मांड्या लटपटल्या, पण मान गप्प! मी असा ठाण मांडून बसलो, की शेवटी भिंतच म्हणाली, अहो, उठा आता, मी दमले.”

“आणि मानेचा व्यायाम?”

“हनुवटी आत घ्या, हळूच वळा, दुखलं तर थांबा. हळूच! जन्मभर वेळेवर गाडी नेणाऱ्याला हळूच! पण केला. आता घुबडं शिकवणी लावायला येतात. थांबा, दाखवतोच.” मी खांदे झोकात ताठ केले. “मागे दारात बायको उभी आहे. एका हातात पाण्याचा ग्लास, दुसरा हात कपाळावर. बरोबर?”

“अगदी बरोबर,” साहेब म्हणाले. मग त्यांनी स्वतःच्या पाठीमागे पाहिलं. सकाळीच मेव्हण्याकडून सरकवून घेतलेलं आरशाचं कपाट तिथे ऐटीत उभं होतं.

“काका, खोटं! नाक माझ्याकडेच आहे तुमचं. मान तसूभर वळली नाही, आरशात बघून सांगताय तुम्ही!”