थोरला परदेशात असतो

बारकीला निर्माती केलं ते ती हजर नसताना. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी प्रत्येक गटाने एका टीव्ही मालिकेचा पहिला भाग, म्हणजे पायलट, तयार करायचा होता आणि तो बघायला एका वाहिनीची माणसं येणार होती. कामं वाटली त्या दिवशी बारकी दाताच्या डॉक्टरकडे होती. परत आली तोवर दिग्दर्शक ठरला होता, कॅमेरामन ठरला होता, आणि उरलेलं सगळं, म्हणजे माणसं, जागा, कपडे, खाणं, परवानग्या आणि शिव्या, तिच्या वाट्याला आलं होतं. गाल सुजलेला असल्यामुळे तिला धड नाहीसुद्धा म्हणता आलं नाही.

दिग्दर्शकाला सगळे साहेब म्हणत. खुर्ची दिसली की तो बसायचा आणि बसला की हुकूम सोडायचा. कॅमेरामन होता ढापण्या. जाड भिंगांचा चष्मा, बोलणं मोजकं. कॉलेजचा चांगला कॅमेरा दुसऱ्या गटाने आधीच पळवला होता, त्यामुळे ढापण्याच्या हातात त्याचा स्वतःचा फोन तेवढा उरला होता.

गोष्ट मात्र साहेबाने झकास लिहिली होती. एकटी राहणारी आई, तीन मुलं. आईला कोणी सांभाळायचं यावर मुलं जेवणाच्या टेबलाशी भांडत असतात, आणि आई शांतपणे सांगते की मी लग्न करतेय. धाकट्याचं काम साहेब स्वतः करणार होता, मुलीचं बारकीवर ढकललं होतं. थोरल्या मुलासाठी कोणी मिळेना, म्हणून साहेबाने त्याला परदेशात धाडून दिलं.

आईच्या कामासाठी बारकीने आपल्या आत्याला उभं केलं. आत्याने टेलिफोन खात्यात चौकशीच्या खिडकीवर उभा जन्म काढला होता, आणि समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देणं हा प्रकार तिला ठाऊक नव्हता. लग्न तिने केलं नव्हतं. का, असं कोणी विचारलं तर म्हणायची, "सवड झाली नाही."

सगळं जमलं, पण घर मिळेना. बारकीच्या घरात टेबल ठेवलं तर माणसं बाहेर ठेवावी लागली असती. साहेबाच्या आईने मागच्या लघुपटानंतर साहेबाला स्वयंपाकघरात यायलाच बंदी केली होती. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. यांच्याकडे अंथरूणच नव्हतं. म्हणून बारकीने अंथरुणांनी भरलेली जागा शोधून काढली.

फर्निचरचं तीन मजली दुकान. दुसऱ्या मजल्यावर एकाशेजारी एक खोल्या मांडलेल्या होत्या. दिवाणखाना, झोपायची खोली, सहा खुर्च्यांचं जेवणाचं टेबल, भिंतीवर कोण जाणे कोणाच्या हसऱ्या कुटुंबाचा फोटो. दिवेसुद्धा लावलेले.

"परवानगी?" साहेबाने विचारलं.

"परवानगी मागितली की नाही म्हणतात," बारकी म्हणाली. "आपण गिऱ्हाईक म्हणून जायचं. चार जणांचं कुटुंब, टेबल बघायला आलंय. टेबलाशी बसून कुटुंबं भांडतातच."

"आणि मी शूटिंग करताना?" ढापण्याने विचारलं.

"तू आमचा मावसभाऊ. थोरला परदेशात असतो ना? त्याला व्हिडिओ कॉलवर टेबल दाखवतोयस."

साहेब खुर्चीवरून उठला. तसं त्याच्या हातून क्वचितच व्हायचं.

ते दुपारी गेले. दुकानात गर्दी बेताची होती. एक नवं लग्न झालेलं जोडपं पलंग दाबून बघत होतं. पलीकडे एक म्हातारे गृहस्थ काठी मांडीवर आडवी घेऊन आरामखुर्चीत बसले होते, आणि खुर्ची विकत घेण्याची त्यांना काडीइतकी घाई दिसत नव्हती. मॅनेजरबाई लांबून हसल्या आणि "निवांत बघा हं" म्हणून गेल्या. बारकीने किमतीच्या चिठ्ठ्या उलट्या केल्या. ढापण्याने फोन वर धरला.

"दादा, दिसतंय का?" बारकी फोनकडे बघून म्हणाली.

"आई काही एकटी राहायची नाही," साहेब टेबलावर हात आपटत म्हणाला. "सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे."

"आणि मी काय सुटकेस आहे?" आत्या म्हणाली. हे कागदावर नव्हतं. कागदावर तिने इथे डोळ्यांना पदर लावायचा होता. "मला कुठेही जायचं नाही. मी लग्न करतेय."

तिचा आवाज खिडकीत बसून कमावलेला. तीन मजल्यांना ऐकू गेला असेल. पलंगावरचं जोडपं उठून बसलं.

"लग्न? कोणाशी?" बारकी ओरडली.

"मला गाडी शिकवतात त्या मास्तरांशी. त्यांच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. माणूस धीराचा आहे."

"या वयात? लोक काय म्हणतील?" साहेब गरजला. त्याला आता रंग चढला होता.

"लोकांचं कशाला? तूच म्हण काय ते!"

आणि लोक म्हणायला लागले. आधी जोडप्यातली नवी नवरी चटचट चालत आली. "अहो दादा, असं काय बोलता? आईंना काही मन नाही का?" तिचा नवरा मागून म्हणाला, "अगं, दुसऱ्यांच्या घरात कशाला नाक खुपसतेस?" ती म्हणाली, "घर कुठे? दुकान आहे हे." मॅनेजरबाई धावत आल्या. बारकीला वाटलं, संपलं. पण त्यांनी आत्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मावशी, पाणी आणू? ही आजकालची मुलं म्हणजे ना!"

ढापण्याचा हात इतका स्थिर होता की फोन भिंतीला ठोकलाय असं वाटावं. मॅनेजरबाई वळल्या त्या थेट त्याच्या फोनकडे. भिंगात बघून म्हणाल्या, "आणि हे थोरले का? अहो, तुम्ही तिकडे मजेत बसून गंमत बघताय? काहीतरी बोला की!"

बारकीच्या एकदम लक्षात आलं. बाईंनी थेट कॅमेऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवला होता. उद्या हे जो बघेल तो आपोआप थोरला मुलगा होणार होता! साहेबाने लिहिलेल्या कागदात यातलं काही नव्हतं.

तेवढ्यात आरामखुर्चीतले गृहस्थ काठी टेकत आले. त्यांनी सगळ्यांना बाजूला केलं आणि फोनसमोर उभे राहिले.

"बाळा," ते म्हणाले, "मी तुझ्या ओळखीचा नाही. तरी ऐक. माझी बायको जाऊन बरीच वर्षं झाली. वाचनालयात एक बाई यायच्या. आम्ही पुस्तकं बदलायचो आणि जिन्यात उभे राहून बोलायचो. मी त्यांना विचारलं नाही. माझ्या मुलाला काय वाटेल म्हणून. आता त्या दुसऱ्या गावी असतात. मुलाला बहुतेक काहीच वाटलं नसतं. मी विचारायला हवं होतं. एवढंच."

सगळ्यांनी त्यांना पुरतं बोलू दिलं होतं. आत्यानेसुद्धा.

मग मॅनेजरबाईंनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, "ऐकलंत ना, थोरले? आता तरी बोला!"

"तो... म्यूटवर आहे," ढापण्या म्हणाला.

"मग काढा की म्यूट."

"रेंज जातेय."

"आमचं वायफाय घ्या. काही नाही, पासवर्ड सांगते मी."

ढापण्याने बारकीकडे पाहिलं, बारकीने साहेबाकडे. साहेब दिग्दर्शक होता. "मला हे ऐकवत नाही!" असं किंचाळून तो रागारागाने झोपायच्या खोलीकडे निघून गेला. कागदावरही त्याने निघून जायचंच होतं. थोड्या वेळाने कुठूनतरी लाकडी, घोगरा आवाज आला.

"आई... मी बोलतोय. तिकडे कसे आहात सगळे?"

"आला आवाज!" नवी नवरी म्हणाली. सगळे फोनभोवती गोळा झाले, तसा ढापण्याने फोनचा पडदा छातीशी धरला.

"आवाज फारच घुमतोय," मॅनेजरबाई म्हणाल्या.

"परदेशात थंडी असते," आत्या म्हणाली. "खिडक्या बंद असतात."

"आई, तू सुखी होणार असशील तर माझी हरकत नाही," आवाज म्हणाला, आणि त्याला जोरात शिंक आली.

फोन गप्प होता आणि शिंक आली होती मागून. जोडप्यातला नवरा सगळ्यांत शेवटी उभा होता. त्याने वळून पाहिलं आणि झोपायच्या खोलीतल्या तीनदारी कपाटाचं मधलं दार उघडलं. आत साहेब गुडघे छातीशी घेऊन, डोक्यावर हँगर झेलत बसला होता. तोंडाशी हाताचा कर्णा केलेला.

"थोरले परत आले वाटतं," नवरा म्हणाला.

पुढचा गोंधळ सांगण्यासारखा नाही. मॅनेजरबाईंचा चेहरा लाल झाला, मग पांढरा झाला. "म्हणजे मी... त्या फोनशी... मी वायफाय देत होते!" बारकीने खरं काय ते सांगून टाकलं. कॉलेज, पायलट, घर नसणं, सगळं. हात जोडले. नवी नवरी आधी चिडली, मग कपाटाकडे बघून तिला जे हसू फुटलं ते आवरेना. आत्या म्हणाली, "बाई, रागवा. तुमचा हक्कच आहे. पण आधी हे सांगा, तुम्ही बोललात ते खोटं होतं का?"

मॅनेजरबाई विचारात पडल्या. "नाही," त्या म्हणाल्या. "पण केस नीट असते तर बरं झालं असतं."

शेवटी त्यांनी एक अट घातली. दाखवायचं असेल तर दाखवा, पण पलंगही दिसला पाहिजे, नवीन आलाय. जोडप्याची हरकत नव्हती. राहिले काठीवाले. ते परत आरामखुर्चीत जाऊन बसले होते. बारकी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली.

"माझं पुसून टाका," ते म्हणाले.

"काका, ते सगळ्यांत चांगलं झालंय हो," साहेब मागून कळवळला.

"पुसा म्हटलं ना."

बारकीने फोन घेतला आणि त्यांच्या देखत तेवढा भाग काढून टाकला. ढापण्या तिच्या कानात पुटपुटला, "फोनच्या कचऱ्याच्या डब्यात असतो अजून महिनाभर. परत काढता येतो." बारकीने डबा उघडला आणि तोही रिकामा केला. साहेबाने भिंतीवरच्या हसऱ्या कुटुंबाकडे पाठ फिरवली, कारण त्याला रडू येत होतं.

गृहस्थांनी हनुवटीवरून हात फिरवला. "हं. आता पुन्हा घ्या."

"पुन्हा?"

"मघाशी दाढी केलेली नव्हती. मी उद्या येतो. आणि तुमचं ते, दिवे वगैरे जरा बरे लावा."

दुसऱ्या दिवशी ते आले. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा कोट, खिशात रुमालाचं टोक. मॅनेजरबाईही केस करून आल्या होत्या. ढापण्याने फोन धरला. गृहस्थांनी कपाळावर हात मारला, काठी आकाशाकडे उचलली आणि म्हणाले, "हाय रे दैवा! ऐक, हे परदेशस्थ पुत्रा!" पुढे वाचनालयाचं मंदिर झालं, जिन्याच्या पायऱ्या आयुष्याच्या झाल्या आणि त्या बाई देवी झाल्या. साहेब अदबीने म्हणाला, "काका, जरा साधं करू या का?" ते म्हणाले, "हे साधंच आहे." पाच वेळा घेतलं. दर वेळी आणखी वाढलं. पाचव्या वेळी ते गुडघ्यावर बसले आणि उठवायला दोघं लागले.

साहेब बारकीशी पुढे आठवडाभर बोलला नाही. बोलायचं असलं तर ढापण्याला सांगायचा, "निर्मातीबाईंना म्हणावं, दिव्यांवर लावायचा जिलेटिन पेपर संपलाय." बारकी समोरच बसलेली असायची.

पायलट दाखवला तेव्हा सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. आत्याच्या सुटकेसच्या वाक्याला लोक हसले, कपाटाच्या प्रसंगाला तर शिट्ट्या झाल्या. तो साहेबाने कापलाच नव्हता, उलट गोष्टीतच बसवला होता. मॅनेजरबाई भिंगात बघून "थोरले, बोला की" म्हणाल्या तेव्हा पहिल्या रांगेतले वाहिनीचे गृहस्थ खुर्चीत चुळबुळले, जणू त्यांनाच विचारलं होतं. दिवे लागल्यावर ते म्हणाले, "कॅमेऱ्यालाच थोरला मुलगा करायचं हे कोणाला सुचलं?"

"मला," साहेब ताबडतोब म्हणाला.

"थापा मारतोय," आत्या मागच्या रांगेतून म्हणाली. "कोणालाच सुचलं नाही. दुकानातल्या बाईंनी केलं ते."

वाहिनीच्या गृहस्थांना हे फारच आवडलं. आणखी दोन भाग लिहून आणा, मग बघू, असं ते म्हणाले. फक्त जाता जाता एक सूचना केली. "ते काठीवाले जरा जास्तच करतात. दुसरा कोणी नट बघा."

काठीवाले तिथेच, दोन खुर्च्या सोडून बसले होते. त्यांनी ऐकलं. कोटाची बटणं लावली आणि हळूहळू बाहेर गेले. बारकी त्यांच्या मागे धावली, तिच्या मागे ढापण्या आणि साहेब. ते व्हरांड्यात पाण्याच्या नळापाशी उभे होते.

"काका, मनाला लावून घेऊ नका."

"पहिलं चांगलं होतं, नाही का?" त्यांनी विचारलं.

बारकीला खोटं बोलता येत नव्हतं असं नाही. पण त्या क्षणी आलं नाही. "हो."

"मग पुसलंत कशाला?"

"तुम्हीच सांगितलंत!"

"मी सांगितलं म्हणून काय झालं? निर्माती तुम्ही की मी?"

साहेबाने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. बारकी काही बोलणार एवढ्यात गृहस्थ नळाच्या थेंबाकडे बघत म्हणाले, "आम्ही जिन्यात उभे राहायचो. त्या नेहमी दोन पायऱ्या वर. मला वाटायचं, उद्या विचारू. मी विचारायला हवं होतं." अगदी त्याच आवाजात, काठीसुद्धा न हलवता.

ढापण्याचा हात खिशातल्या फोनकडे गेला. बारकीने त्याच्याकडे न बघताच त्याचं मनगट पकडलं आणि गृहस्थ बोलायचे थांबेपर्यंत सोडलं नाही.