बिनमोरचुदाची खळ

कायदा कशावर टिकतो असं कोणी विचारलं असतं, तर दप्तरीने सांगितलं असतं, खळीवर. चाळीस वर्षं तो तेच काम करत होता. कचेरीत कायद्याचं एकच पुस्तक होतं, दोघांनी मिळून उचलावं इतकं जाड. कायदा बदलला की वरून छापील पट्टी यायची, ती जुन्या कलमावर चिकटवायची. खटल्याच्या दिवशी साहेब त्याच पुस्तकातून कलम मोठ्याने वाचत. दिसेल तो कायदा. पट्टीखाली गेलं ते मेलं.

खळ दप्तरी स्वतः शिजवी. मैदा पाण्यात कालवायचा, मंद आचेवर घोटायचा आणि उतरवताना चिमूटभर मोरचूद टाकायचा. मोरचूद म्हणजे निळं विष. ते असलं की कसरीचा किडा कागदाला तोंड लावत नाही.

त्या दुपारी हवालदार एका तरुण शिंप्याला दंडाला धरून घेऊन आला. शिंप्याच्या गळ्यात अजून मापाची टेप लोंबत होती.

"दप्तरीबुवा, कलम एक्केचाळीस काढा," कारकून म्हणाला.

"एक्केचाळीस?" दप्तरी हसला. "भाऊसाहेब, ते केव्हाच झाकलं. डाव्या हाताने काम करणं हा आता गुन्हा नाही."

"हा डाव्या हाताने कापड कापत होता," हवालदार म्हणाला.

"मग कापू द्या की. त्याचा हात, त्याची कात्री."

कोणी हसलं नाही. दप्तरीने पुस्तक उघडलं आणि त्याचा हात जागीच राहिला. पट्टी नव्हती. खाली पडलेली नव्हती, फाटलेली नव्हती, तिचा कपटाही उरला नव्हता. जुनं कलम आजच छापल्यासारखं काळंभोर दिसत होतं. 'जो डाव्या हाताने लिहील, शिवील, कापील, त्यास दोन वर्षे कैद.'

"साहेब, इथे पट्टी होती. मी स्वतः लावली होती."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "आता आहे का?"

"नाही."

"मग?" म्हणत साहेबांनी कलम वाचलं. शिंपी दप्तरीकडे बघत होता, जणू पट्टी त्याच्या खिशातच आहे. त्याला नेलं तेव्हा मापाची टेप दारात गळून पडली. ती कोणी उचलली नाही.

दप्तरीने हवालदाराला गाठलं. "पुस्तक तर आत्ता उघडलं. तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? बघितलं आणि वाटलं, हे काही बरं नाही." हवालदार डोकं खाजवू लागला. उजव्या हाताने. त्याचा डावा हात खिशात होता.

तेव्हा दप्तरीने घरची वाट धरली. त्याची थोरली बहीण, आक्का, डावरी होती.

बत्तीस वर्षांपूर्वी याच कलमाखाली आक्का आत गेली होती. तिथे तिचा डावा हात पाठीशी बांधून ठेवत आणि उजव्याने शिवायला लावत. दीड वर्ष झालं आणि एके सकाळी पट्ट्यांचा गठ्ठा आला. त्यात एक्केचाळीसची पट्टी होती. पट्टी चिकटेपर्यंत आक्का सुटणार नव्हती. कचेरीतला मोरचूद संपला होता, दुकान उघडायला दोन तास होते. दप्तरीला दोन तास धीर धरवला नाही. घरी धावला, भाजीच्या पातेल्यात खळ शिजवली आणि गरमागरम घेऊन आला. बिनमोरचुदाची. दुपारी आक्का घरी आली होती. आज त्या खळीवर कसर पोसली होती आणि खळीबरोबर कागदही खाऊन गेली होती.

घरी जाताना त्याने रस्ता पाहिला. भाजीवाली उजव्या हाताने तोलत होती. फळ्यावर भाव लिहिणारा उजव्या हाताने वेडंवाकडं लिहीत होता, पुन्हा पुसत होता. ज्याचा त्याचा डावा हात पदराखाली, खिशात, पाठीमागे. दवंडी नाही, कागद नाही. जणू सगळ्या गल्लीला एकच स्वप्न पडलं होतं.

शेजारीणबाई जिन्यात उभी होती. "आक्कांना सांगा, खिडकीत शिवायला बसत जाऊ नका. चांगलं दिसत नाही."

"वहिनी, तुमच्या नातवाच्या अंगातलं झबलं त्याच हातचं आहे. परवा तुम्हीच म्हणालात, आक्कांचा हात सोन्याचा."

"म्हटलं असेन," ती म्हणाली. तिचे डोळे त्याच्या खांद्यापलीकडे कुठेतरी होते. "मी चौकीवर सांगून आले. उद्या अकराला बोलावलंय. मनात काही ठेवू नका हं." पोरं आजारी पडू नयेत म्हणून औषध द्यावं, तशा आवाजात ती हे बोलली.

दप्तरीने दार ढकललं. आक्का खिडकीपासून लांब, भिंतीला टेकून बसली होती. उजव्या हातात सुई होती. डावा हात पाठीमागे, स्वतःच्याच रुमालाने कमरेला बांधलेला.

"आक्का! कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. जेवताना घास तोंडापर्यंत गेला आणि हात थांबला. त्याला कळतं रे. आपल्याआधी कळतं."

"सोड तो रुमाल."

"राहू दे. बांधलेला असला म्हणजे शांत असतो." तिने दोरा दाताने तोडला. "मी सत्तरीची झाले. आता आत गेले तर बाहेर येणार नाही, एवढं मात्र खरं."

दप्तरीने सगळं सांगितलं. मोरचुदाचंही. आक्का ऐकत राहिली, मग म्हणाली, "माझ्यासाठी घाई केलीस. तू जन्मापासूनच घाईचा. सातव्या महिन्यात आलास."

प्रत्येक पट्टीची एक जोडपट्टी येत असे. ती न चिकटवता कपाटात बांधून ठेवायची पद्धत होती. सकाळी आठलाच दप्तरीने कपाट उपसलं. नऊला गठ्ठा सापडला. जोडपट्टीला खळ लागलीच नव्हती, म्हणून कसरीनेही तिच्याकडे पाहिलं नव्हतं. त्याने खळ शिजवली. एक चिमूट मोरचूद टाकला, मग आणखी एक. खळ आकाशासारखी निळी झाली. पट्टी लावली, फडक्याने दाबली आणि ती सुकेपर्यंत तळहात तिच्यावरून काढला नाही.

अकराला साहेबांनी कलम वाचलं, आक्काकडे पाहिलं आणि विचारलं, "हिला इथे का आणलंय?"

हवालदार साक्षीला आलेल्या शेजारणीकडे बघू लागला. ती म्हणाली, "अगंबाई, मी कुठे काय म्हटलं? आक्का, आलाच आहात तर सांगते, ते झबलं काखेत जरा सैल करून द्या." आणि डाव्या हाताने तिने आक्काच्या खांद्यावरचा धागा उचलून टाकला.

आक्का हलली नाही. "साहेब, त्या कालच्या शिंप्याचं काय?"

उत्तर कारकुनाने दिलं. "त्याचं वाचन काल झालं, आजी. वाचन एकदाच होतं."

"पट्टीवर लिहिलंय ना, आत असतील त्यांना सोडावं?" दप्तरी म्हणाला.

"लिहिलंय. 'या तारखेस आत असतील त्यांना.' आणि तारीख बत्तीस वर्षांपूर्वीची. तो तेव्हा जन्मलाही नव्हता, दप्तरीबुवा. आत कुठून असेल?" कारकून स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन हसला. दारात मापाची टेप तशीच पडली होती. आक्काने वाकून ती उचलली. उजव्या हाताने.

बाहेर ऊन होतं. रस्त्यावरचे सगळे हात मोकळे झाले होते. फळ्यावर भाव सुबक अक्षरात लिहिलेले होते. दप्तरीने रुमालाची गाठ सोडली. आक्काचा डावा हात बाजूला लोंबू लागला, पण वर येईना.

"येईल," ती म्हणाली. "मागच्या वेळी वर्ष लागलं होतं." टेप बोटांभोवती गुंडाळत ती थोडी चालली आणि थांबली. "पातेलं चांगलं मोठं होतं ते. एका पट्टीला एवढी खळ कुठे लागते?"

दप्तरी हातातल्या रुमालाची घडी घालत राहिला.

"उरलेली कुठे लावलीस रे?"

"त्या दिवशीच्या गठ्ठ्यात बारा पट्ट्या होत्या," तो म्हणाला. "सगळ्या त्याच पातेल्यातल्या. आणखी अकरा."

"जोडपट्ट्या असतील की त्यांच्या."

"सकाळी सगळं कपाट उपसलं," दप्तरी म्हणाला. "त्या गठ्ठ्यात ती एकच होती, आक्का. त्या दिवशीच्या घाईत बाकीच्या बांधून ठेवायच्याच राहिल्या."

"अकरांखाली काय काय होतं? आठव."

तो आठवू लागला. एकही कलम आठवेना. समोरून येणारा एक माणूस चालता चालता थांबला, आक्काच्या पायांकडे पाहू लागला आणि त्याच्या कपाळावर हळूहळू आठी चढली. "हे काही बरं नाही," तो म्हणाला.