जागेवरची होडी आणि पाचव्या मजल्याची टोपली

मित्रांनो, मी एक जुनी वल्हवायची मशीन आहे. होड्या पाण्यात असतात. माझ्यात पाणी असतं. पुढे गोल टाकी, टाकीत लाकडी पाती, पट्ट्याला बांधलेला दांडा. माणूस सरकत्या बैठकीवर बसून दांडा ओढतो, पाणी खळाळतं, आणि आम्ही दोघं जिथल्या तिथे राहतो. सोळा वर्षांत मी किती समुद्र कापले कोण जाणे. बुर्ज हमूद नावाच्या दाट वस्तीतली ही तळमजल्यावरची खोली मात्र अजून पार झालेली नाही. दमायला होतं.

व्यायामशाळा गारोची. तो एकेकाळी वजनं उचलायचा, आता खुर्चीतून स्वतःला उचलतो. दुखऱ्या गुडघ्यांना हादरा बसू नये म्हणून त्याने तिघींना आणलं होतं: एक जागेवरची सायकल, एक उभ्याने पाय घुमवायची उंच मशीन, आणि मी. त्या दोघी दिमाखदार होत्या. त्यांच्या कपाळावर आकडे चमकायचे. पण त्यांना वीज लागायची, आणि आमच्याकडे वीज येते ती उभ्याउभ्या चौकशी करून जायला.

पाचव्या मजल्यावर उम्म नझीह, म्हणजे नझीहची आई, राहायच्या. वय एकाहत्तर, गुडघे त्याहून मोठे. वीज आली की लिफ्टने खाली, वीज जायच्या आत वर. एरवी बाल्कनीतून दोरीला टोपली बांधून सोडायच्या. भाजीवाला भरायचा, त्या ओढून घ्यायच्या. चाळीस वर्षं हेच.

एके दिवशी त्या खाली आमच्याकडे विजेची वाट बघत बसल्या असताना त्यांच्या मुलाचा, नझीहचा, मॉन्ट्रियलहून फोन आला. त्यांना फोन मोठ्याने लावायची सवय, त्यामुळे सगळ्या व्यायामशाळेने ऐकला.

"आई, ईस्टरला येतोय. तोवर जिना चढता आला नाही, तर घर बंद. डोंगरात एक वृद्धाश्रम पाहिलाय. तिथल्या नन्स फार छान आहेत."

"छान असतील रे. पण त्यांच्याशी भांडता येतं का?"

फोन ठेवून त्या थेट सायकलवर चढल्या. तीन दिवसांनी उतरल्या. "गुडघा बरा आहे," त्या म्हणाल्या, "पण आता जे दुखतंय ते मी डॉक्टरला दाखवणार नाही." मग उंच मशीन. तिच्यावर गुडघ्याला धक्का नव्हता, पण मध्येच वीज गेली, पायपट्ट्या आखडल्या, आणि उम्म नझीह एक पाय वर, एक खाली अशा अडकून राहिल्या. गारोने त्यांना मिठी मारून उतरवलं. त्यावर गल्लीत आठवडाभर बोलणं झालं.

तेव्हा कुठे माझी पाळी आली. त्यांनी दांडा धरला आणि असा ओढला की माझं पाणी उसळलं.

"गारो, पंधरा मिनिटं ओढतेय! वर काय आलं? पुदिन्याची जुडीसुद्धा नाही!"

महिनाभर त्यांनी मला ओढलं. मध्येच वीज गेली तरी ओढणं चालूच. लोक त्यांचे दंड बघायला थांबू लागले. माझंही कौतुक झालं, आणि मी ते बिनतक्रार घेतलं. मग एका सकाळी त्या जिन्याकडे गेल्या. पहिल्या मजल्यालाच बसल्या. धरून खाली आणल्यावर माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "लबाड!"

त्या दिवशी गारोने पहिल्यांदा नीट पाहिलं.

"उम्म नझीह, ओढताना पाय कुठे असतात तुमचे?"

"जागेवर. का, कुठे जायला हवे होते?"

"पायांनी ढकलायचं असतं. हात सगळ्यात शेवटी."

"टोपली कधी पायांनी ओढतात का, गाढवा?"

"ही टोपली नाहीये."

"मग महिनाभर बोलला का नाहीस?"

"तुम्ही इतकं सुंदर ओढत होता!"

ईस्टरआधीचे उपास सुरू झाले होते. सात आठवडे उरले होते. त्यांनी मांस सोडलं आणि हातांनी ओढणंही सोडलं. पाय ढकलायचे, मग पाठ, मग हात. पहिल्या आठवड्यात माझं पाणी जेमतेम हललं. कौतुक करायला कोणी थांबलं नाही. काम मात्र तेव्हा सुरू झालं.

नझीह दोन बॅगा घेऊन आला, व्यायामशाळेत आईला भेटला, आणि नेमकी वीज गेली.

"बस आई. वीज आली की जाऊ."

"कधी येईल?"

"येईल," गारो म्हणाला. तो एवढंच सांगू शकत होता.

उम्म नझीह उठल्या. "बॅगांपाशी थांब," त्या मुलाला म्हणाल्या, आणि जिन्याकडे वळल्या.

दुसऱ्या मजल्यापर्यंत पावलं ऐकू आली. मग काहीच नाही. नझीहने जिन्यात तोंड घालून हाका मारल्या. गारो खुर्चीतून उठला. माझं पाणी अगदी स्थिर होतं.

मग खिडकीसमोर काहीतरी उतरलं. दोरीला बांधलेली टोपली. रिकामी.

"नझीह!" पाचव्या मजल्यावरून आवाज आला. "बॅगा एकेक करून टोपलीत घाल! आणि तू जिन्याने ये. सावकाश ये, तुला सवय नाही!"

मित्रांनो, आता त्या रोज जिना चढतात, त्यामुळे माझ्याकडे येत नाहीत. गुडघा बरा झाला की मशीन आठवत नाही. माझी त्याबद्दल तक्रार नाही. गारो माझ्या दांड्यावर टॉवेल वाळत घालतो. उन्हाने टाकीतलं पाणी हिरवं झालंय. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर तिच्या कपाळावर किती दिवे आहेत ते मोजू नका. पाय लावा, आणि सहा महिन्यांतून एकदा पाणी बदला.

खिडकीसमोरून टोपली वर चाललीय. आज पुदिना आहे.